मुक्तांगण आणि त्यासारख्या संस्था कशा उभ्या राहिल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादाची दारू सुटली त्याला बरीच वर्षं झाली, पण तेव्हापासून आमच्या घरी फोन येतात ते अजून येतायत. नातेवाइकांचे येतात, त्यांच्या शेजाऱ्यांचे येतात, कधी कोणीतरी नंबर दिला म्हणून अगदी अनोळखी बाई रात्री अकराला फोन करून रडते. सगळे आधी विचारतात कुठलं व्यसनमुक्ती केंद्र चांगलं, आणि मग हळूहळू बाकीचं, म्हणजे तिथे मारतात का, फोन करू देतात का, बाहेर आल्यावर परत प्यायला तर काय. उत्तरं देताना माझ्या लक्षात आलं की या संस्था सुरू कशा झाल्या ते सांगितल्याशिवाय तिथे अमुक गोष्ट अशीच का करतात ते समजतच नाही लोकांना. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

मुक्तांगण कधी सुरू झालं आणि कोणी केलं?

मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. २९ ऑगस्ट १९८६ ला, पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. सुरू केलं डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट या नवरा-बायकोनं. अनिता मॅडम (बरेच जण त्यांना सुनंदा म्हणून ओळखतात) मानसोपचारतज्ज्ञ, त्याच मनोरुग्णालयात काम करणाऱ्या. अनिल अवचट डॉक्टर असूनही डॉक्टरकी सोडून लेखन आणि पत्रकारितेत रमलेले.

सुरुवात अशी झाली की त्यांच्या एका मित्राचा मुलगा गर्द नावाच्या ड्रगच्या नादाला लागला. त्या निमित्तानं अवचट त्या जगात शिरले, गर्द ओढणाऱ्या पोरांशी बोलले, त्यांच्या आईबापांशी बोलले आणि त्यावर त्यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई इतके अस्वस्थ झाले की त्यांनी विचारलं, या मुलांसाठी काही करता येईल का, आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. १९८६ सालचे एक लाख. पण मला यात पैशापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या मुलांना आख्खं गाव गर्दुल्ले म्हणून हाकलत होतं त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या सगळ्यात लाडक्या माणसानं पुढं येऊन पैसे दिले, उद्घाटनाला स्वतः आले. त्यानं या आजाराकडे बघण्याची लोकांची नजर थोडी तरी बदलली असणार.

गर्द म्हणजे नक्की काय आणि ते तेव्हाच कुठून आलं?

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, अफूपासून बनवलेलं. पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि वर येणारा धूर नळीनं ओढायचा. १९८० च्या आसपास अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या पट्ट्यातून हा माल मोठ्या प्रमाणात बाहेर पडायला लागला आणि मुंबई वाटेवरचं बंदर, मग मुंबईतून पुणं. सुरुवातीला स्वस्त मिळायचं. पोरांना वाटायचं सिगरेटसारखंच आहे, आठवड्याभरात कळायचं की आता ते नसलं तर अंथरुणातून उठता येत नाही.

सरकारनं १९८५ मध्ये ड्रग्जविरोधी एनडीपीएस कायदा आणला, शिक्षा कडक केल्या. पण कायद्यानं विकणारा पकडता येतो (तोही कधीतरी), आणि ज्याच्या अंगात आधीच सवय मुरलीय त्याचं काय करायचं याचं उत्तर कायद्याकडे नव्हतं. मुक्तांगण त्याच्या पुढच्याच वर्षी निघालं हा योगायोग नाहीये.

त्याच्या आधी व्यसनी माणसाचं काय करायचे?

घरातले लपवायचे. पहिलं उत्तर हेच. मग लग्न लावून द्यायचे, म्हणजे जबाबदारी आली की सुधारेल, आणि त्यात एका अजून माणसाचं आयुष्य जायचं. देवाला नेऊन शपथ घालायची. काहीजण पंढरीची माळ घालायचे आणि माळेमुळे खरोखर सुटलेली माणसं मी बघितलीत, त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही, कारण माळ घातली की सोबत दिंडी येते, भजन येतं, रोज भेटणारी माणसं येतात. पुढं वाचाल तेव्हा लक्षात येईल की हीच गोष्ट सगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या नावानं केलीय.

सरकारच्या बाजूनं बघायचं तर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजे पिणारा हा गुन्हेगार. आणि अगदीच हाताबाहेर गेला तर मनोरुग्णालय, जिथे तेव्हा १९१२ चा इंग्रजांच्या काळातला वेड्यांचा कायदा चालायचा. पोलीस नाहीतर वेड्यांचं हॉस्पिटल, मधलं काही नव्हतंच. या मधल्या रिकाम्या जागेत संस्था उभ्या राहिल्या.

एए म्हणजे काय? त्याचा आणि आपल्याकडच्या केंद्रांचा काय संबंध?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्या माणसांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेले गट. याची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९३५ चा मे महिना, अमेरिकेतलं ॲक्रन नावाचं गाव. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाला तिथे आलेला, काम फसलं, खिशात फारसे पैसे नाहीत, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा आणि समोर बारमधून हसण्याचे आवाज. दारू सोडून त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. त्याला कळलं की आता आपण आत जाणार. आणि त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं की आपल्याला आत्ता दुसरा एखादा दारुडा भेटला पाहिजे, ज्याच्याशी बोलता येईल. त्यानं लॉबीतल्या फोनवरून चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली आणि फिरत फिरत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोहोचला, जो स्वतः भयंकर प्यायचा. डॉक्टर म्हणे पंधरा मिनिटंच थांबेन म्हणून आलेला, दोघं कित्येक तास बोलत बसले. १० जून १९३५ ला डॉ. बॉब शेवटचं प्यायला आणि तोच दिवस एएचा वाढदिवस धरतात.

बघा म्हणजे सुरुवात अशी आहे. बिल त्याला वाचवायला गेलाच नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. आजही एएच्या मीटिंगमध्ये कोणी उपदेश करत नाही, प्रत्येकजण स्वतःचं शेअरिंग करतो, ते यामुळे.

आणि याच्याही आधी एक प्रयोग झालेला. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्यांनी मिळून वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ काढली, ती प्रचंड वाढली, हजारोंनी माणसं आली, पण मग त्यात दारूबंदीचं राजकारण शिरलं, पुढारी शिरले, वाद झाले आणि काही वर्षांत सगळं विरून गेलं. एएनं त्यातून धडा घेतला. १९५० मध्ये त्यांनी बारा परंपरा मान्य केल्या, त्यात आहे की बाहेरच्या कुठल्याही वादात संस्था मत देणार नाही, बाहेरच्यांकडून देणगी घेणार नाही, नाव जाहीर करणार नाही. लोकांना हे नियम विचित्र वाटतात. मला विचाराल तर त्यांच्यामुळेच ती टिकली.

आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांमध्ये एएची माणसं येऊन मीटिंग घेतात, आणि केंद्रातून घरी जाताना पेशंटला सांगतात की तुझ्या घराजवळची मीटिंग शोध. गर्द आणि बाकी ड्रग्जवाल्यांसाठी तशीच एनए (नार्कोटिक्स ॲनॉनिमस) आहे, ती १९५३ मध्ये सुरू झाली. फी नाही, फॉर्म नाही.

बरे झालेले पेशंटच काउन्सेलर म्हणून का असतात? शिकलेली माणसं नसतात का?

असतात. डॉक्टर असतात, सायकॉलॉजिस्ट असतात, समाजकार्य शिकलेले असतात. पण हा प्रश्न ज्यांनी घरात व्यसन बघितलं नाही त्यांनाच पडतो असं मला वाटतं.

दादाला आम्ही ज्या केंद्रात नेलं तिथे पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर तो सांगत होता की मी फक्त शनिवार-रविवारी घेतो. डॉक्टर लिहून घेत होते. बाजूला एक साधासा माणूस बसलेला, तो फक्त एवढंच म्हणाला, "मी पण शनिवार-रविवारीच घ्यायचो, माझा शनिवार सोमवारी सुरू व्हायचा." दादा गप्प झाला आणि मग पहिल्यांदा आमच्यासमोर रडला. आम्ही आठ वर्षं जे बोलून बोलून दमलो ते त्या माणसाच्या एका वाक्यानं झालं, कारण त्याला फसवता येणार नाही हे दादाला कळलं.

मुक्तांगणमध्येही हे असंच घडत गेलं, पेशंट म्हणून आलेली माणसं बरी होऊन कार्यकर्ते झाली. गरजेतून आलेली पद्धत आहे ही, पण नंतर लक्षात आलं की त्यात दोघांचं भलं होतं. नवा पेशंट जुन्याकडे बघून म्हणतो याचं सुटलं तर माझंही सुटेल, आणि जुन्याला रोज समोर दिसतं की आपण कुठून आलो.

केंद्रात ३५ दिवसच का ठेवतात?

मुक्तांगणचा कोर्स ३५ दिवसांचा, दुसरीकडे २१, ३०, ९० असे वेगवेगळे आकडे दिसतात. कुठल्याच आकड्यात जादू नाही. आत काय होतं ते महत्त्वाचं.

पहिले आठ-दहा दिवस शरीराचे. याला डिटॉक्स म्हणतात. गर्दवाल्याला टर्की लागते, हाडं फुटल्यासारखी दुखतात, जुलाब, जांभया, नाका-डोळ्यातून पाणी, झोप नाही. त्रास भयंकर पण त्यानं जीव जाणं दुर्मीळ. दारूचं उलटं आहे आणि हे प्लीज नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस कोणाशीतरी बोलायला लागतो, अंगावर किडे फिरतायत म्हणतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर मरूही शकतो. त्यामुळे घरात कोंडून दारू सोडवायचा प्रयोग करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

त्यानंतरचे दिवस मनाचे. सकाळी उठणं, योगासनं, साफसफाई, स्वतःचं ताट स्वतः घासणं, गटात बसून बोलणं, डायरी लिहिणं. आमच्या आईला वाटलेलं की एवढे पैसे भरून पोराकडून फरशी पुसून घेतात. पण ज्याचा दिवस पिण्याभोवतीच फिरायचा त्याला दिवस पुन्हा लावून द्यायचा असतो. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवायचे, ओरिगामी करायचे, लाकडात कोरायचे. व्यसन गेलं की माणसाच्या हातात खूप मोठा रिकामा वेळ येतो आणि त्यात काहीतरी भरावं लागतं, हे ज्याच्या स्वतःच्या हाताला इतके छंद आहेत त्याला लवकर कळतं.

पैसे कुठून येतात? सगळं फुकट असतं का?

फुकट क्वचितच. मुक्तांगणची सुरुवात पु. लं.च्या देणगीतून झाली. अशा संस्था एकूणात तीन ठिकाणांहून चालतात: पेशंटची फी, देणग्या आणि केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याचं अनुदान, ज्यातून संस्थांना व्यसनमुक्ती केंद्रं चालवायला पैसे मिळतात. पैसे नसले तर तसं स्पष्ट सांगा, चांगल्या संस्था त्यावरून परत पाठवत नाहीत, काही ना काही सवलत काढतात. जिथे फक्त पैशाचंच बोलतात आणि डॉक्टर कोण ते सांगत नाहीत तिथून निघा.

घरच्या बायकांचं काय? आणि बाईलाच व्यसन असेल तर?

या प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं असंही म्हणता येईल.

बिल विल्सनची बायको लोइस. नवरा मीटिंगला बसायचा तेव्हा बाकीच्यांच्या बायका बाहेर थांबायच्या, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की नवरा प्यायचा थांबला तरी आपला राग, आपली भीती, त्याचे खिसे तपासायची आपली सवय काही गेली नाही. त्यातून १९५१ मध्ये अल-अनॉन निघालं, घरच्यांसाठी. मुक्तांगणमध्ये पेशंटच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. माझ्या वहिनीनं अशाच एका गटात पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं की मला तो मेला तर बरं असं वाटायचं, आणि समोरच्या दहा बायकांपैकी एकीनंही तोंड वाकडं केलं नाही. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. दादा तेव्हा अजून पीत होता! म्हणजे घरच्यांनी पेशंट बरा व्हायची वाट बघत बसायची गरज नसते.

बाईला व्यसन असेल तर अजून अवघड, कारण पुरुषाला दारुडा म्हणतात पण बाईला काय काय म्हणतात ते सगळ्यांना माहितीय. ती लपवते, घरचे तर दुप्पट लपवतात आणि डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत लिव्हर गेलेलं असतं. मुक्तांगणनं २००९ मध्ये निशिगंध नावाचा फक्त बायकांसाठीचा विभाग सुरू केला. वेगळा विभाग लागतोच, कारण बायका ज्या गोष्टी बोलतात त्या पुरुषांच्या गटात बोलताच येत नाहीत, आणि घरी पोरं कोणाकडे ठेवायची हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो.

संस्थापक गेल्यावर मुक्तांगणचं काय झालं?

अनिता मॅडमना कॅन्सर झाला. आजारपणातही त्या काम करत राहिल्या. १० फेब्रुवारी १९९७ ला त्या गेल्या. पेशंट त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचे, आणि अजूनही जुनी माणसं त्यांचं नाव काढताना तसंच म्हणतात.

अशा वेळी पुष्कळ संस्था संपतात, कारण सगळं एका माणसाच्या मायेवर चाललेलं असतं. इथे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आणि बरे झालेले जुने कार्यकर्ते यांनी काम पुढं नेलं. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ ला गेले. संस्था चालू आहे, आता आवाराबाहेर तिची स्वतःची इमारत आहे येरवड्यातच.

मुक्तांगण सोडून दुसऱ्या कुठल्या संस्था आहेत का?

खूप आहेत, मला ज्यांचं काम माहितीय त्या सांगते. मुंबईत वांद्र्याला कृपा फाउंडेशन १९८१ पासून, फादर जो परेरा यांनी चर्चच्या जागेत सुरू केलेलं, ते स्वतः दारूतून बाहेर आलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथे योगावर भर. चेन्नईला टीटीके हॉस्पिटल, त्यामागची गोष्ट ऐकून पोटात कालवतं: शांती रंगनाथन यांचे पती दारूमुळे अगदी तरुण वयात गेले, आणि पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, त्यांनी नवऱ्याच्या नावानं संस्था काढली. साताऱ्याला परिवर्तन, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं. लोकांना दाभोलकर म्हटलं की अंधश्रद्धा निर्मूलनच आठवतं, पण हेही त्यांचंच काम. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सुरू केली, तिचा भर एकूणच मनाच्या आरोग्यावर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च, तिथे केंद्रापेक्षा गावांबरोबर काम जास्त, २०१६ पासून मुक्तिपथ नावानं.

या सगळ्यात एक गोष्ट बघा. फादर परेरा स्वतः पेशंट, शांतीबाईंनी नवरा गमावलेला, अवचटांनी मित्राचा मुलगा बघितलेला. ज्याच्या घराला किंवा जिवाला झळ लागली त्यानंच दार उघडलं.

व्यसन आणि मानसिक आजार एकाच ठिकाणी का बघतात? आमचा मुलगा वेडा नाहीये.

कोणीच वेडं नसतं हो. आजार असतो.

डिप्रेशनवाला झोप यावी म्हणून पितो, आणि दारू डिप्रेशन वाढवते. काहींना आवाज ऐकू येतात आणि गांजानं ते अजून वाढतात. आधी कुठलं आलं हे सुरुवातीला सांगता येत नाही, म्हणून दारू थांबून काही आठवडे गेले की डॉक्टर परत तपासतात. दोन्ही असेल तर दोन्हीवर उपचार लागतात, नाहीतर एक दुसऱ्याला परत ओढून आणतं. दादाच्या बाबतीत असंच होतं, दोनदा केंद्रात जाऊन आला आणि दोन्ही वेळा कोणी डिप्रेशनचं विचारलंच नाही.

मानसिक आजारात घरच्यांना सोबत घ्यायची पद्धत आपल्याकडची जुनी आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू टाकून पेशंटच्या नातेवाइकांना तिथेच राहायला लावलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी नातेवाइकांना गेटबाहेर ठेवायचे. लोकांना कळलं की हा आजार आहे, करणी नाही, आणि माणसं लवकर घरी जायला लागली.

काही केंद्रवाले घरी येऊन उचलून नेतात, मारतात असं ऐकलंय. हे चालतं का?

नाही. ऐकलेलं दुर्दैवानं खोटं नाही, पण कायद्यात ते बसत नाही.

२००१ मध्ये ६ ऑगस्टला तमिळनाडूत एरवाडी इथे एका खासगी आश्रमाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून गेले, कारण ते साखळदंडानं बांधलेले होते. पळताच आलं नाही त्यांना. हे मी कधीही लिहिलं तरी हात थांबतो.

आताचा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही धरलेत. कोणालाही साखळीनं बांधता येत नाही, जबरदस्तीनं टक्कल करता येत नाही, पेशंटला फोन करायचा आणि भेटायचा हक्क आहे. संमती नसताना दाखल करायचं तर त्याला ठरलेली पद्धत आहे, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. त्यापुढं ठेवायचं तर परत वेगळी प्रक्रिया. त्यामुळे केंद्र बघायला जाल तेव्हा नोंदणी विचारा, डॉक्टर किती वेळा येतात विचारा, आणि आतल्या खोल्या दाखवा म्हणा. पेशंट खेळीमेळीनं बोलतायत का गप्प खाली बघतायत हे पाच मिनिटांत कळतं.

त्याला न सांगता जेवणातून गोळी देता येईल का?

नका देऊ. डायसल्फिरॅम नावाच्या गोळीबद्दल विचारताय ना. १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या संशोधकांना तिचा गुण कळला, गोळी घेऊन दारू प्यायलं की छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं. पेशंटला माहीत असेल, डॉक्टर सोबत असतील तर ती उपयोगी आहे, कारण सकाळी गोळी घेतली की आजच्या दिवसाचा निर्णय झाला. पण न सांगता दिली आणि तो भरपूर प्यायला तर जिवावर बेततं. आणि जगला तरी त्याचा तुमच्यावरचा विश्वास गेला, मग तो घरचं पाणीसुद्धा संशयानं पितो.

सरळ दारूबंदी केली तर या संस्था लागणारच नाहीत ना?

वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, तीही लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतून आलेली. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दुकान लांब गेलं की नवीन पोरं कमी लागतात असं मला वाटतं, आणि रस्त्यावर उतरलेल्या त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे. पण ज्याला आधीच लागलीय तो कुठूनही मिळवतो, नाहीतर हातभट्टीची पितो. त्याला उपचारच लागतात. एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीत, जिचा अहवाल २०१९ मध्ये आला, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे कसल्या तरी उपचारापर्यंत पोहोचलेला माणूस फक्त एक निघाला. मला फोन करणाऱ्या बाया म्हणजे त्या उरलेल्या ३७ जणांची घरं.

केंद्रातून आला आणि परत प्यायला. म्हणजे पैसे पाण्यात गेले का?

दादा तीनदा गेला. पहिल्या दोन वेळेला आम्हालाही असंच वाटलं, काका तर म्हणाले आता सोडा त्याला.

एखाद्या वेळी घेतली तर त्याला स्लिप म्हणतात, पूर्ण जुन्यासारखं सुरू झालं तर रिलॅप्स. डायबेटिसवाल्यानं लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून आपण त्याचं इन्सुलिन बंद करत नाही. त्याच दिवशी केंद्राला फोन करायचा, लाज वाटली तरी. गर्दवाल्यांच्या बाबतीत एक धोका वेगळा आहे, सोडून काही आठवडे झाले की शरीराची सहनशक्ती कमी होते आणि तो जुन्याच मापानं ओढायला गेला तर श्वास बंद पडू शकतो.

फॉलोअप चुकवू नका. तिसऱ्या वेळी आमच्यात फरक पडला तो एवढाच, की डिप्रेशनची गोळी सुरू झाली आणि दादा दर रविवारी मीटिंगला जायला लागला, पाऊस असो की घरात लग्न असो.

आत्ता, या क्षणी कोणाला फोन करायचा?

मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानस १४४१६, सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलतात. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. फिट आली, भास होतायत, शुद्ध हरपतेय किंवा जिवाचं काही करून घेईल असं वाटतंय तर हेल्पलाइनच्याही आधी १०८ लावा आणि त्याला एकटं सोडू नका.

पेशंटच तयार नसेल तरी तुम्ही स्वतःसाठी फोन करा. वहिनीनं तसाच केला होता.